अंतर आणि विस्थापन: चाललेला मार्ग आणि बदललेले स्थान

प्रश्न: मी नाशिकमध्ये अकरावी विज्ञान शाखेत शिकतो. अंतर आणि विस्थापन यांच्या व्याख्या नववीपासून पाठ आहेत, पण उदाहरण सोडवताना कुठे काय घ्यायचे हे कळत नाही. एका उदाहरणात चेंडू २० मीटर प्रतिसेकंद वेगाने सरळ वर फेकला आहे आणि ३ सेकंदांत त्याने कापलेले अंतर विचारले आहे. गतीच्या समीकरणाने माझे उत्तर १५ मीटर येते, पुस्तकात मात्र २५ मीटर दिले आहे. शिवाय फिरून मूळ जागी आल्यावर जे शून्य होते, ते विस्थापन मोजायचे तरी कशासाठी?

उत्तर: तुमचे १५ मीटर हे उत्तर बरोबर आहे, फक्त ते विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नाही. गतीच्या समीकरणाने तुम्हाला चेंडूचे विस्थापन दिले आणि उदाहरणात विचारले होते अंतर. आकडेमोडीत काहीही चुकलेले नाही, एका राशीच्या जागी दुसरी राशी आली आहे. कोणती राशी कुठे घ्यायची आणि शून्य होणाऱ्या विस्थापनाचा उपयोग काय, या तुमच्या बाकीच्या दोन शंकांचे मूळही इथेच आहे.

अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवताना मला सातत्याने दिसत आले आहे की फरकाचा दोन रकान्यांचा तक्ता जवळपास प्रत्येकाला पाठ असतो. अंतर अदिश, म्हणजे दिशा नसलेली राशी; विस्थापन सदिश, म्हणजे दिशेसह सांगायची राशी. गतिमान वस्तूचे अंतर शून्य होत नाही, विस्थापन होऊ शकते. हे सगळे न अडखळता सांगता येते आणि तरीही उदाहरण समोर आले की हात थांबतो. याचे कारण असे की त्या तक्त्यात राशींचे गुणधर्म असतात, पण ती राशी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते हे नसते. वस्तूने प्रत्यक्षात किती लांबीचा मार्ग आक्रमला, हे अंतर सांगते. वस्तू आधी जिथे होती तिथून ती आता कोणत्या दिशेला आणि किती दूर आहे, हे विस्थापन सांगते. अंतर काढण्यासाठी संपूर्ण मार्ग माहीत असावा लागतो. विस्थापन काढण्यासाठी आरंभीचे आणि शेवटचे अशी दोनच स्थाने पुरतात, मधल्या वेळात वस्तू कुठून कशी गेली हे विचारण्याचीही गरज पडत नाही.

शालेय पातळीवर विस्थापनाची व्याख्या बहुधा ‘आरंभबिंदू व अंतिम बिंदू यांमधील सर्वांत कमी अंतर’ अशी सांगितली जाते. नववीसाठी ती सोयीची आहे हे मला मान्य आहे, पण पुढच्या बऱ्याचशा गोंधळाचे बीज तिच्यातच आहे असे माझे स्पष्ट मत आहे. ती वाचणाऱ्याला वाटते की विस्थापन हे अंतराचेच एक आखूड रूप आहे आणि दिशा ही त्याला मागून चिकटवलेली बाब आहे. अकरावीत आल्यावर ही व्याख्या बाजूला ठेवावी आणि त्याऐवजी असे धरावे: विस्थापन म्हणजे स्थानातील बदल. अंतिम स्थानाच्या सदिशातून आरंभीच्या स्थानाचा सदिश वजा केला की जो सदिश मिळतो, तेच विस्थापन. ‘सर्वांत कमी अंतर’ हे त्या सदिशाचे केवळ परिमाण, म्हणजे दिशा वगळून उरणारी लांबी झाली. व्याख्येत वजाबाकी आली की धन-ऋण चिन्ह, दिशा आणि उत्तर शून्य येण्याची शक्यता या तिन्ही गोष्टी आपोआप येतात, त्या वेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

हे आपल्याकडच्याच एका प्रवासावर तपासून पाहू. तुम्ही नाशिकरोड स्थानकावरून रेल्वेने मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत गेलात आणि तिथून दुसऱ्या गाडीने पुण्याला गेलात असे समजा. रुळांवरून मोजले तर पहिला टप्पा सुमारे १८७ किलोमीटरचा आणि दुसरा १९२ किलोमीटरचा आहे. अंतरासाठी साधी बेरीज पुरते आणि ती ३७९ किलोमीटर येते. विस्थापनासाठी मात्र नकाशा लागतो. अक्षांश-रेखांशांवरून हिशेब केला तर हे टर्मिनस नाशिकरोडपासून दक्षिणेकडे सुमारे ११२ आणि पश्चिमेकडे सुमारे १०६ किलोमीटरवर येते, आणि पुणे स्थानक या टर्मिनसपासून दक्षिणेकडे सुमारे ४६ व पूर्वेकडे सुमारे १०९ किलोमीटरवर येते. दक्षिणेकडचे दोन्ही घटक एकाच दिशेचे आहेत, म्हणून ते मिळवले जातात आणि १५८ होतात. पश्चिमेकडचे १०६ आणि पूर्वेकडचे १०९ परस्परविरुद्ध आहेत, म्हणून ते एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतात आणि पूर्वेकडे जेमतेम ३ किलोमीटर उरतात. म्हणजे ३७९ किलोमीटरचा रेल्वेप्रवास केल्यानंतर तुम्ही जिथून निघालात त्या जागेच्या जवळपास सरळ दक्षिणेला १५८ किलोमीटरवर पोहोचलेले असता. नाशिकरोड आणि पुणे ही स्थानके जवळपास एकाच रेखावृत्तावर आहेत हे नकाशा उघडून तुम्हीही पडताळून पाहू शकता, आणि ते पाहावेच.

या उदाहरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे, जी परीक्षेतही वारंवार विचारली जाते. पहिल्या टप्प्याच्या विस्थापनाचे परिमाण सुमारे १५४ किलोमीटर आहे आणि दुसऱ्या टप्प्याचे सुमारे ११८. या दोन परिमाणांची बेरीज २७२ होते, तर प्रत्यक्ष एकूण विस्थापन १५८ किलोमीटर आहे. विस्थापने मिळवता येतात, पण ती सदिश म्हणून, दिशांसह मिळवावी लागतात. केवळ परिमाणे मिळवली तर मिळणारी संख्या ना अंतर असते, ना विस्थापन. आता पुण्याहून संगमनेर-सिन्नरमार्गे बसने तुम्ही नाशिकरोडला परतलात, तर त्या तिसऱ्या टप्प्याचे विस्थापन उत्तरेकडे १५८ किलोमीटर असेल आणि ते पहिल्या दोघांच्या बेरजेला तंतोतंत रद्द करील. बस कोणत्या रस्त्याने आली, वाटेत कुठे वळसा घेतला, याचा या रद्द होण्यावर कसलाही परिणाम होणार नाही.

सरासरी चाल आणि सरासरी वेग यांच्यातला फरकही याच ठिकाणी उलगडतो. गाडी बदलण्याच्या वेळेसह नाशिकरोड ते पुणे या प्रवासाला ९ तास लागले असे धरू. सरासरी चाल म्हणजे अंतर भागिले काळ, ती सुमारे ४२ किलोमीटर प्रतितास येते. सरासरी वेग म्हणजे विस्थापन भागिले काळ, तो दक्षिणेकडे सुमारे १७.५ किलोमीटर प्रतितास येतो. गाडीच्या चालीचा अंदाज हवा असेल तर पहिली संख्या कामाची आहे, आणि दक्षिणेकडे सरकण्याचा दर हवा असेल तर दुसरी.

अंतर हे विस्थापनाच्या परिमाणापेक्षा कधीही कमी नसते. ते दोन्ही समान होण्यासाठी वस्तू सरळ रेषेत गेलेली असावी लागते आणि त्या रेषेवर ती एकदाही मागे वळलेली नसावी लागते. यातली दुसरी अट विद्यार्थी विसरतात आणि तुमच्या चेंडूच्या उदाहरणात नेमके तेच झाले आहे. त्याकडे पुढे सविस्तर येतोच. मार्ग वळणाचा असला की फरक किती पडतो, याची कल्पना गोदावरीवरून येते. त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावणारी ही नदी आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळेपर्यंत १४६५ किलोमीटर वाहते. उगमापासून अंतर्वेदीजवळच्या तिच्या मुखापर्यंत सरळ मोजले तर मात्र सुमारे ९५० किलोमीटर भरतात, आणि त्या रेषेची दिशा पूर्वेकडून दक्षिणेकडे साधारण २५ अंश झुकलेली आहे. एकाचे दुसऱ्याशी गुणोत्तर दीडच्या आसपास येते, आणि नदीचा नागमोडीपणा मोजण्यासाठी अशीच गुणोत्तरे वापरली जातात. कोणी असा आक्षेप घेईल की पृथ्वी गोल असल्यामुळे ‘सरळ’ रेषा पृष्ठभागावरून जाणारच नाही. आक्षेप रास्त आहे, काटेकोर विस्थापन जमिनीच्या आतून जाणाऱ्या जीवेवर मोजले पाहिजे. पण एवढ्या टप्प्यावर जीवा आणि पृष्ठभागावरचा कंस यांत एक किलोमीटरचाही फरक पडत नाही, म्हणून इथे त्याची चिंता करण्याचे कारण नाही.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी असंख्य भाविक त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्त कुंडावर स्नान करून ब्रह्मगिरीची फेरी करतात, तिची लांबी सुमारे २० किलोमीटर आहे. फेरी पूर्ण करून कुशावर्तावर परतलेल्या माणसाचे अंतर २० किलोमीटर आणि विस्थापन शून्य असते. तुमच्या मनात आलेला प्रश्न इथेच उभा राहतो की मग त्या शून्याचा अर्थ काय. आधी एवढे लक्षात घ्या की ते शून्य फक्त शेवटच्या क्षणाचे आहे. फेरीच्या मध्यावर, डोंगराच्या पलीकडच्या अंगाला असताना त्याच माणसाचे विस्थापन काही किलोमीटरचे होते. ते वाढत गेले, मग कमी होत गेले आणि शेवटी शून्य झाले. अंतर मात्र पूर्ण वेळ वाढतच राहिले. वाढणे आणि कमी होणे या दोन्ही गोष्टी विस्थापनाला शक्य आहेत, अंतराला केवळ वाढणे किंवा वस्तू थांबली असता स्थिर राहणे एवढेच शक्य आहे.

आता तुमचा चेंडू. गुरुत्व त्वरण सोयीसाठी १० मीटर प्रतिसेकंद वर्ग घेऊ आणि वरची दिशा धन मानू. ज्या समीकरणात विस्थापन हे आरंभीचा वेग गुणिले काळ, अधिक त्वरण गुणिले काळाचा वर्ग यांचे निम्मे असे येते, त्यात २०, ३ आणि उणे १० घातले की ६० उणे ४५ म्हणजे १५ मीटर मिळतात. याचा अर्थ इतकाच की तिसऱ्या सेकंदाच्या अखेरीस चेंडू हातापासून १५ मीटर उंचीवर आहे. तो तिथे वर जाताना पोहोचला की खाली येताना, हे या संख्येत लिहिलेले नाही. ते पाहण्यासाठी वेगाकडे वळावे लागते. वेग दर सेकंदाला १० ने कमी होतो, म्हणून २ सेकंदांनी तो शून्य होतो, आणि त्या क्षणी चेंडू २० मीटर उंचीवर असतो. उरलेल्या एका सेकंदात तो ५ मीटर खाली येतो. मार्गाची लांबी २० अधिक ५ म्हणजे २५ मीटर, आणि स्थानातील बदल २० उणे ५ म्हणजे १५ मीटर. दोन्ही संख्या त्याच दोन तुकड्यांपासून झाल्या आहेत, फरक फक्त दुसऱ्या तुकड्याचे चिन्ह ठेवायचे की टाकायचे एवढाच आहे.

हेच उदाहरण थोडे पुढे नेले तर चित्र आणखी स्पष्ट होते. ४ सेकंदांनी चेंडू हातात परत येतो, तेव्हा विस्थापन शून्य आणि अंतर ४० मीटर असते. तोच चेंडू पांडवलेण्यांच्या डोंगरासारख्या उंच कड्याच्या टोकावरून फेकला असेल आणि तो हाताच्याही खाली जाऊ शकत असेल, तर ५ सेकंदांनी समीकरण १०० उणे १२५, म्हणजे उणे २५ मीटर असे उत्तर देते. हे उणे चिन्ह पाहून विद्यार्थी घाबरतात आणि ते खोडून टाकतात. ते खोडू नये, कारण चेंडू हाताच्या २५ मीटर खाली आहे ही माहिती त्या चिन्हातच आहे. त्या क्षणापर्यंतचे अंतर मात्र २० अधिक ४५ असे ६५ मीटर आहे.

म्हणून सरळ रेषेतल्या गतीचे कोणतेही उदाहरण हातात घेतले आणि त्यात अंतर विचारले असेल, तर सर्वांत आधी दिलेल्या कालावधीत वेग कुठे शून्य होऊन दिशा बदलतो का, हे तपासावे. बदलत नसेल तर समीकरणातून येणाऱ्या विस्थापनाचे परिमाण हेच अंतर होय. बदलत असेल तर त्या क्षणाशी कालावधीचे दोन तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्याचे विस्थापन स्वतंत्र काढावे आणि मग त्यांची परिमाणे मिळवावीत. गतीविषयक समीकरणांमध्ये अंतर नावाची राशी कुठेच नाही. त्यांतल्या ‘एस’ या अक्षराचा अर्थ विस्थापन असाच आहे. काही ठिकाणी त्या अक्षरापुढे ‘अंतर’ असे लिहिलेले असते, आणि वस्तू एकाच दिशेने जात असेल तोवर ते चालूनही जाते. परंतु पहिलाच वर फेकलेला चेंडू आला की ते उघडे पडते.

ज्यांना आलेख जवळचे वाटतात त्यांनी हेच वेग-काळ आलेखावर पाहावे. तुमच्या चेंडूचा आलेख २० पासून सुरू होऊन ३ सेकंदांशी उणे १० वर येणारी सरळ रेषा आहे. काळाच्या अक्षाच्या वर तयार होणाऱ्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ २० आणि अक्षाखालच्या त्रिकोणाचे ५ आहे. खालचे क्षेत्रफळ ऋण धरले की विस्थापन मिळते, धन धरले की अंतर. बारावीत समाकलन शिकाल तेव्हा हीच गोष्ट पुन्हा भेटेल: वेगाचे समाकलन विस्थापन देते आणि वेगाच्या परिमाणाचे समाकलन अंतर देते.

हुशार विद्यार्थी इथे एक शंका विचारतात आणि ती विचारलीच पाहिजे. सरासरी चाल आणि सरासरी वेगाचे परिमाण वेगवेगळे असू शकतात, तर मग तात्कालिक, म्हणजे एखाद्या क्षणाची चाल ही त्या क्षणाच्या तात्कालिक वेगाच्या परिमाणाइतकीच का असते? याचे उत्तर असे की कालावधी जसजसा लहान होत जातो, तसतसा त्या कालावधीतला मार्गाचा तुकडा सरळ दिसू लागतो. वक्र मार्गावरच्या छोट्या कंसाची लांबी आणि त्याच्या जीवेची लांबी यांचे गुणोत्तर एककडे जाते. वर्तुळावर पाव फेरी मारली तर कंस त्रिज्येच्या सुमारे १.५७१ पट आणि जीवा १.४१४ पट असते, फरक डोळ्यांत भरतो. पण १० अंशांच्या कंसात तो दीड हजारांत दोन भागांइतकाही राहत नाही. सीमा घेतली की तो उरतच नाही. गाडीचा स्पीडोमीटर म्हणूनच चाल दाखवतो असेही म्हणता येते आणि वेगाचे परिमाण दाखवतो असेही. त्या क्षणापुरत्या दोन्ही गोष्टी एकच आहेत. वर्तुळाकार मार्गावर एकसमान चालीने फिरणाऱ्या वस्तूचा वेग बदलत राहतो, हेही यातूनच समजते, कारण लागोपाठच्या छोट्या विस्थापनांची लांबी समान असली तरी त्यांची दिशा बदलत असते.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. जे शून्य होऊ शकते त्याला भौतिकशास्त्रात इतके महत्त्व का? बल वस्तूला त्वरण देते, त्वरण म्हणजे वेगातील बदलाचा दर आणि वेग म्हणजे विस्थापनाचा दर. न्यूटनचा दुसरा नियम ज्या साखळीला धरून आहे तिच्यातली प्रत्येक कडी सदिश आहे. या साखळीत विस्थापनाच्या जागी अंतर घातले तर चेंडू वर चालला आहे की खाली येतो आहे, एवढा साधा फरकही समीकरणाला कळणार नाही, आणि मग पुढच्या क्षणी तो कुठे असेल हे सांगताही येणार नाही.

दुसरे कारण कार्य आणि ऊर्जेचे आहे, आणि त्याचे उदाहरण मुंबईच्या प्रत्येक रेल्वेप्रवासात आपल्या पायाखाली असते. कसारा ते इगतपुरी या थळ घाटातील चढाला बहुतेक गाड्यांना मागे जादा इंजिने जोडून ढकलावे लागते, कारण चढ ३७ मीटरला १ मीटर इतका तीव्र आहे. सुमारे १५ किलोमीटरच्या या टप्प्यात गाडी साधारण ३०० मीटर उंच चढते. गाडीचे वस्तुमान १००० टन धरले, तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध करावे लागणारे कार्य सुमारे २९४ कोटी ज्यूल येते, म्हणजे विजेच्या बिलाच्या भाषेत ८०० युनिटहून थोडे अधिक. या हिशेबात रुळांची लांबी कुठेच आलेली नाही. तिथे ३०० मीटर हा विस्थापनाचा उभा घटक आहे आणि तेवढाच लागतो. हाच लोहमार्ग अधिक वळणे घेऊन, कमी चढाने २५ किलोमीटरमध्ये वर नेला असता, तरी गुरुत्वाकर्षणाविरुद्धचे कार्य तेवढेच राहिले असते. घर्षणाचे मात्र तसे नाही. चाके, रूळ आणि हवा यांचा रोध प्रत्येक मीटरला गतीच्या उलट दिशेने लागतो, त्यामुळे त्याच्याविरुद्धचे कार्य मार्गाच्या लांबीनुसार वाढते. गाडी वर जाऊन परत कसाऱ्याला आली तर गुरुत्वाकर्षणाचे एकूण कार्य शून्य होते, घर्षणाचे दुप्पट होते. जी बले विस्थापनावर अवलंबून असलेला हिशेब ठेवतात त्यांना पुढे तुम्ही अक्षय्य बले म्हणून शिकाल, आणि स्थितिज ऊर्जा ही संकल्पना त्यांच्याचसाठी मांडता येते. ज्या विस्थापनाचे शून्य तुम्हाला निरुपयोगी वाटले, त्याच शून्यावर ऊर्जेच्या अक्षय्यतेचे सारे प्रकरण उभे आहे.

याचा अर्थ अंतर दुय्यम आहे असा मुळीच नाही. इंधन, टायरची झीज, रिक्षाचे भाडे, चालणाऱ्याचा थकवा, यांना कापलेल्या मार्गाशी देणेघेणे असते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत सीएनसी, म्हणजे संगणकीय प्रोग्रॅमवर चालणारी धातू कापण्याची मशीन चालवणाऱ्यांना या दोन्ही राशी रोज एकाच वेळी हाताळाव्या लागतात. प्रोग्रॅममध्ये जी ९० असे लिहिले की पुढचे आकडे शून्यबिंदूपासूनची स्थाने मानली जातात. जी ९१ लिहिले की तेच आकडे सध्याच्या जागेपासूनची विस्थापने मानली जातात, चिन्हासह. जॉब पुरा होऊन टूल मूळ जागी परत आला की त्याचे एकूण विस्थापन शून्य होते, पण एका जॉबला किती वेळ लागला आणि टूलची धार किती गेली हे त्याने धातूत किती लांबीचा मार्ग कापला यावर ठरते. आयटीआयमधून आलेल्या मुलांना सदिश शिकवताना मी याच उदाहरणापासून सुरुवात करतो, आणि त्यांना ते फार लवकर समजते.

मोबाइलवरचे धावण्याचे ॲप अंतर दाखवते तेव्हा प्रत्यक्षात काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. जीपीएसला अंतर मोजता येत नाही, त्याला केवळ ठरावीक वेळाने तुमचे स्थान कळते. दोन लागोपाठच्या स्थानांमधले छोटे विस्थापन काढायचे आणि त्यांची परिमाणे मिळवत जायची, असे करून ॲप अंतराचा अंदाज बांधते. दोन नोंदींच्या मध्ये तुम्ही वळण घेतले असेल तर कंसाऐवजी जीवा मोजली जाते आणि अंतर थोडे कमी भरते. उलट तुम्ही सिग्नलला स्थिर उभे असाल, तर स्थानाच्या मोजणीतील त्रुटींमुळे बिंदू इकडे-तिकडे हलत राहतो, आणि न चाललेले काही मीटर अंतरात जमा होऊ शकतात. गाडीतला ओडोमीटर चाकाच्या फेऱ्या मोजतो, म्हणून त्याला वळणांचा हा प्रश्न येत नाही. मात्र टायर झिजला की चाकाचा परीघ कमी होतो आणि तो प्रत्यक्षापेक्षा किंचित जास्त अंतर दाखवू लागतो.

अंतर आणि विस्थापन यांच्यातली सर्वांत मोठी दरी मात्र डोळ्यांना न दिसणाऱ्या गतीत आहे. खोलीतल्या हवेचा रेणू सेकंदाला सुमारे ५०० मीटर या गतीने धावत असतो, पण दुसऱ्या रेणूवर आदळण्याआधी त्याला मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकीही मोकळी वाट मिळत नाही, आणि प्रत्येक टकरीनंतर त्याची दिशा बदलते. एका सेकंदात त्याने कापलेले अंतर सुमारे ५०० मीटर असते आणि त्याचे विस्थापन सरासरीने जेमतेम एका सेंटिमीटरच्या आसपास. उदबत्ती लावल्यानंतर स्तब्ध हवेत तिचा वास खोलीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचायला इतका वेळ का लागतो, याचे स्पष्टीकरण हेच आहे. अशा दिशाहीन गतीत अंतर काळाच्या प्रमाणात वाढते, विस्थापन मात्र काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणून चौपट वेळ दिला तरी रेणू सरासरीने दुप्पटच दूर जातो. आइन्स्टाइन यांनी १९०५ साली पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांसाठी हाच संबंध मांडला, आणि झां पेरँ यांनी कणांची विस्थापने प्रत्यक्ष मोजून तो पडताळला. पेरँ यांना १९२६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अणू खरोखरच आहेत हे संशयी शास्त्रज्ञांना पटवण्यात या मोजमापांचा मोठा वाटा होता. कणाने नेमके किती अंतर कापले हे सूक्ष्मदर्शकातून मोजणे अशक्य होते, कारण दोन निरीक्षणांच्या मधला वाकडातिकडा मार्ग दिसतच नाही. विस्थापन मात्र मोजता येत होते, आणि सिद्धान्तही नेमका विस्थापनाबद्दलच बोलत होता.

एक बाब अजून सांगायला हवी. अंतर काय किंवा विस्थापन काय, दोन्ही कोणाच्या दृष्टीने मोजले हे ठरल्याशिवाय त्यांना अर्थ नाही. धावत्या गाडीत तुम्ही डब्याच्या मागच्या टोकाकडे २० मीटर चालत गेलात आणि तेवढ्या वेळात गाडी ४०० मीटर पुढे सरकली, तर डब्याच्या संदर्भात तुमचे विस्थापन मागे २० मीटर आहे आणि फलाटाच्या संदर्भात पुढे ३८० मीटर. अंतरही अनुक्रमे २० आणि ३८० मीटर. नाशिकमध्ये खुर्चीत स्वस्थ बसलेला माणूस जमिनीच्या संदर्भात स्थिर आहे, परंतु पृथ्वीच्या केंद्राशी ठेवलेल्या, तिच्याबरोबर न फिरणाऱ्या संदर्भचौकटीतून पाहिले तर सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावरचा तो माणूस सेकंदाला जवळपास ४३७ मीटर पूर्वेकडे जात असतो. एक दिलासा मात्र आहे: संदर्भचौकट ठरल्यावर तिच्यातला आरंभबिंदू कुठेही धरला, नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर किंवा रामकुंडावर, तरी स्थानाचे आकडे बदलतात, पण विस्थापन बदलत नाही, कारण वजाबाकी करताना तो आरंभबिंदू दोन्हीकडून निघून जातो.

सरावासाठी हे उदाहरण पुस्तक न पाहता सोडवा. एक वस्तू सरळ रेषेत जात आहे, तिचा आरंभीचा वेग ६ मीटर प्रतिसेकंद आहे आणि त्वरण उणे २ मीटर प्रतिसेकंद वर्ग. पहिल्या ५ सेकंदांतील तिचे विस्थापन, अंतर, सरासरी वेग आणि सरासरी चाल काढा. वेग नेमका कधी शून्य होतो ते आधी शोधा, मग वेग-काळ आलेख काढा आणि दोन्ही त्रिकोणांची क्षेत्रफळे वेगवेगळी लिहा. विस्थापन ५ मीटर, अंतर १३ मीटर, सरासरी वेग १ मीटर प्रतिसेकंद आणि सरासरी चाल २.६ मीटर प्रतिसेकंद यायला हवी. अंतर ५ मीटर आले, तर कालावधीचे दोन तुकडे करायचे राहिले आहेत. विस्थापन १३ मीटर आले, तर दुसऱ्या त्रिकोणाचे चिन्ह हरवले आहे.